कागदावरचे नाव

मराठी घरात मुलीचे नाव 'प्रज्ञा' ठेवले, तर ते कसे उच्चारायचे हा प्रश्न बारशाला जमलेल्या कोणालाही पडत नाही. आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते, पाळण्याभोवतीच्या बायका ते 'प्रद्न्या' असे उच्चारतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. हेच घर वाराणसीत असेल, तर मात्र अडचण फार लवकर उभी राहते. शेजारचे लोक त्याच मुलीला 'प्रग्या' म्हणून हाक मारतात. गल्लीच्या टोकाला राहणारे संस्कृतचे एखादे शास्त्री दोन्ही उच्चार ऐकून नकारार्थी मान हलवतात, कारण त्यांच्या मते त्या अक्षरात 'ज' आणि 'ञ' यांचा संयोग आहे. देवनागरीत लिहायचे झाले तर तिघेही एकच अक्षर लिहितात, त्यामुळे तोवर भांडणाला जागा नसते. ती निर्माण होते रोमन लिपीत. घरच्या उच्चाराप्रमाणे लिहायचे तर 'डी-एन-वाय' ही अक्षरे घालावी लागतात, शेजाऱ्यांच्या उच्चाराप्रमाणे 'जी-वाय' आणि शास्त्रीजींच्या शास्त्राप्रमाणे 'जे-एन'.

महाराष्ट्रात यांपैकी पहिले लेखन इतके रूढ आहे की 'ज्ञानेश्वर' हे नाव रोमन लिपीत 'डी'ने सुरू होते याचे तिथे कोणालाच नवल वाटत नाही. उत्तरेकडे तेच नाव 'जी'ने सुरू होते आणि संस्कृत ग्रंथांच्या सूचीत 'जे'ने. वाराणसीच्या शाळेतील शिक्षकाला प्रवेश-अर्जावर 'डी' दिसला, तर लिहिणाऱ्याचा हात चुकला असेच त्याला वाटणार. आई-बापांनी मुलीचे नाव विचित्र लिहिले, असा शेरा सहज निघून जातो. परंतु विचित्र दिसणारे असे लेखन पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी घरचे अगदी नियमित लेखन असते. ज्याने ते लिहिले त्याने आपल्या कानाशी इमान राखलेले असते, एवढेच.

काशी आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. संत एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केली. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे, पण काही पिढ्या आधीच गंगेच्या काठी स्थिरावलेले. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर नव्याने उभारले. भोसले, शिंदे, होळकर यांचे घाट आजही उभे आहेत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या परिसरात मराठी वैदिकांची व भिक्षुकांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. झाशीच्या राणीचा जन्मही याच नगरीतला. मोरोपंत तांब्यांनी आपल्या मुलीला इथल्या घाटाचेच नाव दिले, मणिकर्णिका.

या जुन्या मंडळींच्या नावांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. गागाभट्टांचे खरे नाव विश्वेश्वर. 'गागा' हे लाडाचे नाव, आणि इतिहासात तेच टिकले. मणिकर्णिकेला घरात 'मनू' म्हणत, हे महाराष्ट्रातले शाळकरी मूलही जाणते. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात गणित व ज्योतिष शिकवणारे विख्यात पंडित बापूदेव शास्त्री यांचे पाळण्यातले नाव नृसिंह होते. 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर यांच्या नावातले 'बाबूराव' हेही घरगुती वळणाचेच. नाव ही तेव्हा ऐकण्याची वस्तू होती. ते जसे ऐकू येई तसे चाले. त्याला आधार देणारा कागद कोणी मागत नसे.

कागद मागितला जाऊ लागला, तेव्हा अक्षरांचे महत्त्व वाढले. आणि काशीसारख्या नगरीत, जिथे एकच देवनागरी लिपी मराठी, हिंदी व संस्कृत या तीन भाषा निरनिराळ्या सवयींनी वापरतात, तिथे तर ते फारच वाढले.

'ऋ' या अक्षराचे उदाहरण घ्यावे. मराठी माणूस त्याचा उच्चार 'रु'च्या जवळ करतो, हिंदी भाषक 'रि'च्या. म्हणून पुण्याची ऋतुजा रोमन लिपीत 'आर-यू'ने लिहिली जाते आणि वाराणसीची 'आर-आय'ने. अमृता, पृथा, कृष्णा यांचीही तीच गत. 'हृषीकेश' हे नाव तर यात फारच सापडते. हृषीक म्हणजे इंद्रिय आणि त्यांचा ईश तो हृषीकेश, म्हणजे विष्णू. परंतु हिमालयाच्या पायथ्याशी ऋषिकेश नावाचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. त्यामुळे उत्तरेत या नावाचा मुलगा दिसला, की ऐकणारा त्यातला 'ह' काढून टाकतो आणि मुलाचा गाव होतो. गंमत अशी की वाराणसीतून निघणारे एक सुप्रसिद्ध पंचांग याच नावाचे आहे, आणि ज्या घरात ते खुंटीला टांगलेले असते त्या घरातही ते कधी 'हृषीकेश' असते तर कधी 'ऋषिकेश'.

पंचांगाचा विषय निघाला, तर नावाच्या आद्याक्षराचीही गोष्ट सांगायला हवी. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशे आठ अक्षरे. मुलाचा जन्म ज्या चरणावर झाला त्या अक्षरापासून त्याचे नाव ठेवावे, अशी परंपरा. अश्विनी नक्षत्राला 'चू, चे, चो, ला' ही अक्षरे मिळाली आहेत, ती सोपी. पण आर्द्रेच्या वाट्याला 'ङ', हस्ताच्या वाट्याला 'ण' आणि उत्तराभाद्रपदेच्या वाट्याला 'ञ' आले आहे. या अक्षरांपासून सुरू होणारे नाव मराठीत किंवा हिंदीत सहसा शोधून सापडावयाचे नाही. मग ज्योतिषी जवळचे अक्षर सुचवतात किंवा पत्रिकेत एक नाव लिहून व्यवहारात दुसरे ठेवले जाते. शास्त्राला जे परवडते ते शाळेच्या हजेरीपटाला परवडत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, असे म्हणावे लागते.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रकार याहून बारीक, म्हणून अधिक चकवणारा. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वीकारलेले लेखनविषयक नियम सांगतात, की शब्दाच्या अखेरचा इकार व उकार दीर्घ लिहावा. व्यक्तिनामांनाही तो नियम लागू आहे. म्हणून मराठीत 'रवी', 'हरी', 'अदिती', 'स्वाती'. हिंदीने संस्कृतचे मूळ रूप सांभाळले आहे, म्हणून तिथे 'रवि', 'हरि', 'अदिति', 'स्वाति'. वाराणसीतल्या मराठी घरातील मुलाने आपल्या वहीवर 'रवी' लिहिले, तर त्याचे हिंदीचे शिक्षक वेलांटी दुरुस्त करतील. सुट्टीत तो आजोळी नागपूरला गेला आणि तिथे 'रवि' लिहून दाखवू लागला, तर आजोबा ती पुन्हा उलटी फिरवतील. दोघेही आपापल्या व्याकरणाप्रमाणे बरोबर असतात. मुलाला मात्र वाटत राहते की आपल्याला आपले नावच लिहिता येत नाही. एखाद्या मुलाच्या मनात ही शंका घालणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि 'ळ'? हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत हे अक्षर नाही. त्यामुळे मराठी आडनावांतला 'ळ' विंध्य ओलांडताना बहुधा 'ल' होतो. 'काळे' यांचे 'काले' झाले की हिंदी वर्गात हसू उमटणे स्वाभाविक आहे, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ 'काळ्या रंगाचे' असा होतो. खरे तर मराठीतही तोच होतो, पण मराठी कानाला काळे हे आडनाव इतके सवयीचे आहे की रंग आठवत नाही. लोकमान्यांचे नाव दोन ठिकाणी बदलले. 'बाळ'चे 'बाल' झाले आणि 'टिळक'चे 'तिलक'. कपाळावरचा तिलक हिंदी माणसाच्या रोजच्या ओळखीचा आहे. परके आडनाव ओळखीच्या शब्दात जाऊन बसले. विशेष हे, की 'ळ' काशीला अपरिचित मुळीच नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो आहे आणि ऋग्वेदी वैदिक घाटावर बसून शतकानुशतके त्याचा स्वच्छ उच्चार करीत आले आहेत. ज्या गल्लीत पहाटे वेदपाठात 'ळ' घुमतो, त्याच गल्लीतील घराच्या शिधापत्रिकेवर तो उमटू शकत नाही!

काही ठिकाणी हिंदीने काढले नाही, उलट घातले. पराडकरांच्या 'ड'खाली हिंदीत नुक्ता आला आणि ते 'पराड़कर' झाले. त्यांनी याचे वैषम्य मानले असेल असे दिसत नाही. ते जन्माने काशीचेच होते आणि त्यांनी आयुष्य हिंदी पत्रकारितेला वाहिले. नावापूर्वी 'मिस्टर'ऐवजी 'श्री' लिहिण्याची प्रथा हिंदी वृत्तपत्रांत रुजवण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. स्वतःच्या नावात परभाषेचा ठिपका स्वीकारून या गृहस्थाने लाखो परक्या नावांपुढे आदराचे अक्षर ठेवले.

कित्येक नावांचे रूप मात्र दोन भारतीय भाषांमधील फरकामुळे बदललेले नसते. ती मध्ये रोमन लिपीच्या दारातून जाऊन आलेली असतात. 'तेंडुलकर' हे आडनाव हिंदी वृत्तपत्रांत 'तेंदुलकर' असे छापले जाते. रोमन 'डी' हे अक्षर 'ड'ही असते आणि 'द'ही. मराठीतून रोमनमध्ये जाताना 'ड'ची खूण पुसली गेली आणि रोमनमधून हिंदीत उतरताना तिथे 'द' बसला. पण याच क्रिकेटपटूच्या पहिल्या नावाची हकिकत अधिक मनोरंजक आहे. वडिलांनी ते संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले. बंगालीत त्या संगीतकारांचे नाव तालव्य 'श'ने आणि दीर्घ ईकाराने, म्हणजे 'शचीन' असे लिहिले जाते. त्यात इंद्राची पत्नी शची आहे. मराठीत येताना त्याचे 'सचिन' झाले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने याला चूक म्हणावे. परंतु त्या 'चुकी'चे नाव पुढे इतक्या घरांत आवडीने ठेवले गेले, की आता 'शचीन' लिहिणाऱ्यालाच लोक विचारतील, हे असे का लिहिले?

नावातल्या एका मात्रेचा प्रश्न राज्य शासनाच्या आदेशापर्यंत गेल्याचे उदाहरण उत्तर प्रदेशातच घडले आहे, आणि त्याचे मूळ एका शाळकरी मुलाच्या नावात आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात त्याचे नाव 'भिवा रामजी आंबेडकर' असे नोंदवले गेले. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. तो मुलगा पुढे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर म्हणून जगाला माहीत झाला. त्याच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

मराठीत या आडनावाच्या आरंभी 'आ' आहे. आंबा, आंबडवे, आंबेडकर असा तो कोकणी मातीतला 'आ'. हिंदीत मात्र कित्येक दशके 'अम्बेडकर' हेच रूप चालले. रोमन 'ए' हे अक्षर 'अ'सुद्धा दाखवते आणि 'आ'सुद्धा. ज्यांनी ते आडनाव इंग्रजी कागदांवर प्रथम वाचले त्यांनी त्यातून 'अ' उचलला. पुतळ्यांच्या चौथऱ्यांवर, शाळांच्या पाट्यांवर, विद्यापीठाच्या नावात तेच रूप गेले. राम नाईक हे २०१४ ते २०१९ या काळात उत्तर प्रदेशाचे राज्यपाल होते. मराठी भाषक असल्यामुळे त्यांच्या कानाला हे खटकणे साहजिक होते. संविधानावरील बाबासाहेबांच्या सहीकडे त्यांनी लक्ष वेधले. ती 'भीमराव रामजी आंबेडकर' अशी आहे. पत्रव्यवहार झाला आणि मार्च २०१८ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने आदेश काढला, की सर्व शासकीय कागदपत्रांत हे नाव तसेच लिहिले जावे. इंग्रजी स्पेलिंग होते तेच राहिले, कारण चूक त्यात नव्हती. ती ते वाचण्यात होती.

या आदेशावर वादही झाला. मधल्या 'रामजी' या नावावर भर देण्यामागे राजकारण आहे, असे काहींचे म्हणणे होते. मराठी माणसाला मात्र त्यात वेगळे काही दिसणार नाही, कारण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही इथली सर्वसाधारण रीत आहे. उत्तरेत वडिलांचे नाव मुलाच्या नावात गुंफत नाहीत, ते अर्जाच्या वेगळ्या रकान्यात लिहितात. एकाच नावाकडे पाहताना दोन प्रांतांना दोन गोष्टी दिसल्या. राजकारण बाजूला ठेवले तरी हे सत्य उरते, की साताऱ्याच्या रजिस्टरात पडलेला एक काना गंगेच्या खोऱ्यातील शासकीय कागदावर यायला एकशे सतरा वर्षे लागली. आणि ज्यांचे नाव देशभर चौकाचौकांत आहे त्यांच्याबाबत हे घडले.

रोमन लिपीने भारतीय नावांचे असे का केले, याचे उत्तर काशीच्याच नावात मिळते. इंग्रजांनी आरंभी भारतीय नावे कानाने ऐकली आणि स्वतःच्या भाषेच्या सवयीने लिहिली. त्यांना दीर्घ 'ई' दाखवायला दोन 'ई' लागत, दीर्घ 'ऊ' दाखवायला दोन 'ओ'. पुणे 'पूना' झाले ते याच रीतीने, आणि कानपूरच्या स्पेलिंगमध्ये 'सी' आणि 'डब्ल्यू' अवतरले. सर विल्यम जोन्स यांनी १७८८ मध्ये आशियाई भाषांतील शब्द रोमन लिपीत लिहिण्याची एक शिस्तबद्ध पद्धत मांडली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हंटर यांची सोपी पद्धत सरकारने स्वीकारली, आणि रस्त्यावरच्या पाट्या व नकाशे आजही स्थूलमानाने तिलाच अनुसरतात. पण माणसांच्या नावांवर कोणत्याच पद्धतीची सक्ती झाली नाही. 'लक्ष्मी'मध्ये कोणी 'के-एस-एच' लिहिले, कोणी नुसते 'एक्स'. हे स्वातंत्र्य राहिले हे एका अर्थी बरेच झाले.

शहराच्या नावाने तर सगळे प्रकार पाहिले. इंग्रजी अमदानीत ते 'बेनारिस' असे उच्चारावे अशा स्पेलिंगने लिहिले जाई. लोकांच्या तोंडी ते बनारसच होते. २४ मे १९५६ पासून अधिकृत नाव वाराणसी झाले. विद्यापीठाने मात्र 'बनारस' सांभाळले. २०२१ मध्ये मंडुवाडीह रेल्वेस्थानकालाही 'बनारस' हे नाव देण्यात आले. त्यामुळे आज त्या शहरात वाराणसी नावाचेही स्थानक आहे आणि बनारस नावाचेही. यात्रेकरू यांपैकी कोणत्याही स्थानकावर उतरला, तरी घरी परतल्यावर तो 'काशीला जाऊन आलो' असेच सांगतो. शहराला हे चालते. त्याला कुठे परीक्षेला बसायचे असते?

शहराच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर सारनाथ आहे. तिथे दर्शनाला महाराष्ट्रातून बौद्ध बांधव मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांच्यात 'मिलिंद' नावाचा कोणी असणे अगदी नेहमीचे आहे. हे नाव आले कोठून? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा राज्य करीत होता. त्याच्या नाण्यांच्या एका बाजूस ग्रीक लिपीत आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठीत त्याचे नाव आहे. खरोष्ठीत ते 'मेनंद्र' या वळणाचे होते. भिक्खू नागसेन यांच्याशी त्याने केलेल्या धर्मचर्चेचा पाली ग्रंथ 'मिलिंदपञ्ह'. पालीने त्या परक्या नावाला घासून-पुसून आपलेसे केले. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले, त्यालाही पुढे याच राजाचे नाव दिले. एका ग्रीक नावाचे हे 'अशुद्ध' लेखन आज अस्सल मराठी नाव झाले आहे.

लिहिलेल्या नावांची ताकद केवढी असते हे जेम्स प्रिन्सेप यांना कळले होते. हे गृहस्थ १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत होते आणि त्यांनी या शहराचा नकाशा तयार केला. पुढे कलकत्त्यात असताना १८३७ साली त्यांनी ब्राह्मी लिपी उलगडली. त्यांना वाट दाखवली ती सांचीच्या स्तूपावरील छोट्या छोट्या लेखांनी. प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. तो 'दानं' हा शब्द असावा, असे त्यांनी ताडले. त्याच्या आधी येत होती दान देणाऱ्यांची नावे. ती राजांची नव्हती. व्यापारी, भिक्खुणी, साध्या गृहस्थ स्त्रिया यांची होती, आणि लोक बोलत तशी प्राकृतात कोरलेली होती. संस्कृतच्या पंडिताने त्यांत शेकडो दुरुस्त्या सुचवल्या असत्या.

अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांत मुलांच्या नावांत आणखी एक नवी तऱ्हा आली आहे. 'आरव' किंवा 'आन्या'मध्ये दोन 'ए' असतात ते दीर्घ स्वर दाखवण्यासाठी, असे म्हणता येईल. पण कित्येकदा नावात न उच्चारला जाणारा 'एच' येतो, शेवटी जादा 'आय' येतो, मधले व्यंजन दुप्पट होते. अंकशास्त्र सांगणारे अक्षरांच्या संख्यांची बेरीज करतात आणि शुभ अंक येईपर्यंत अक्षरे वाढवतात. सुशिक्षितांनी याला हसावे, अशी पद्धत आहे. परंतु पूर्वीची रीत आठवली तर हसू आवरते. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून महाराष्ट्रात मुलांना धोंडू, दगडू, केरू अशी नावे देत. काशीच्या भोजपुरी मुलखात त्याच भीतीने घुरहू आणि कतवारू ही नावे आली. एकात उकिरडा आहे, दुसऱ्यात केरकचरा. ज्यांना बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्ये सन्माननीय पदवी दिली आणि १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, त्या महर्षी कर्व्यांचे नाव धोंडोच होते. पूर्वीच्या आईने वाईट शब्द पुढे करून मुलाला वाचवू पाहिले, आजची आई एक जादा अक्षर पुढे करते. भीती तीच आहे. फरक इतकाच, की धोंडू हे नाव लिहिताना कोणी चुकत नसे. जादा अक्षराचे नाव मात्र मुलाला जन्मभर दुसऱ्यांना एकेक अक्षर करून सांगत बसावे लागते.

हे सांगणे आता टाळताही येत नाही. जन्म व मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. त्या वेळी नाव ठरलेले नसले तरी जन्माची नोंद होते. नाव नंतर, एका वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. बारसे लांबले तरी कायद्याची हरकत नाही. पण २०२३ मध्ये या कायद्यात सुधारणा झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन चालवण्याचा परवाना, पारपत्र, सरकारी नोकरी, विवाहनोंदणी या सर्वांसाठी जन्माची तारीख व स्थळ दाखवणारा आधार म्हणून जन्मदाखलाच पुढे करावा लागेल. म्हणजे दवाखान्यातील गडबडीत कोणी 'डी-एन-वाय' लिहिले की 'जी-वाय', यावर पुढचे सारे कागद अवलंबून राहणार. आधारपत्रावरील नावात दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते.

याची खरी झळ लागते ती शिक्षण मध्येच सुटलेल्यांना. वयाच्या तिशीत-चाळिशीत मुक्त विद्यालयाचा अर्ज भरणारी स्त्री चौकटीचौकटींच्या त्या ओळीसमोर थांबते. शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्यावर तिचे माहेरचे नाव असते, कोणा गुरुजींनी आपल्या कानाने ऐकून लिहिलेले. लग्नात तांदळात सोन्याच्या अंगठीने लिहिलेले नाव दुसरेच असते. आधारपत्रावर तिसरे, आणि ते लिहिणारा संगणकचालक तिची भाषा बोलणारा असेलच असे नाही. मणिकर्णिका विवाहानंतर लक्ष्मीबाई झाली, तेव्हा कोणी शपथपत्र मागितले नव्हते. आजच्या स्त्रीला शपथपत्र, वृत्तपत्रातील जाहिरात आणि राजपत्रातील सूचना असा सगळा प्रवास करावा लागू शकतो. गुणपत्रिकेवर जे नाव छापले जाईल तेच पुढे नोकरीच्या ठिकाणी खरे मानले जाईल, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी हातातले सगळे कागद शेजारी शेजारी मांडून पाहणे शहाणपणाचे. कोणते लेखन सुंदर, हे पाहण्यात तेव्हा अर्थ नसतो. बहुतेक कागदांवर जे आहे आणि जे वाचल्यावर आपण 'हजर' म्हणू, ते धरावे.

जन्माच्या नोंदीत चूक राहिली असेल तर त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमान्वये ती दुरुस्त करून मिळते. निबंधक पुरावे पाहतो आणि खात्री पटली की दुरुस्ती लिहितो. मात्र रजिस्टरातील मूळ नोंद खोडण्याची वा बदलण्याची त्याला मुभा नाही. नवे लेखन समासात जाते, त्याच्याखाली त्याची सही आणि त्या दिवसाची तारीख येते. आणि पहिल्यांदा कोणी तरी जसे ऐकले तसे लिहिलेले नाव आपल्या जागी, ओळीत, तसेच राहते.